खुंटीवरचं जर्किन

रत्नागिरीत थंडी पडते असं म्हटलं की माझा पुण्याचा साडू हसतो. हसू दे. डिसेंबर संपत आला की आमच्याकडे पहाटे चादर पुरत नाही, बागावाले उठल्याबरोबर आधी हवा किती गार आहे ते बघतात, कारण मोहोर त्यावर असतो, आणि भाट्याच्या पुलावरून स्कूटर नेताना खाडीचा वारा कानात शिरतो. नऊ वाजता थंडी उठून जाते हे खरं, पण तोवर जर्किनशिवाय बाहेर पडवत नाही. जर्किनचं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्याच्या कॉलरमुळे झालं. म्हणजे माझ्यामुळे झालं. कॉलरवर ढकलायची सवय अजून गेलेली नाही.

माझा एक मित्र जहाजावर होता. शाळेपासूनचा. सात-आठ महिने समुद्रावर, मग तीन-चार महिने घरी, असं त्याचं वर्ष. घर भाट्याला, पुलापलीकडे. घरात त्याची आई, बायको आणि एक मुलगी. त्याच्या आईला मी लहानपणापासून काकी म्हणतो. रजेवर आला की तो माझ्यासाठी काहीतरी आणायचा, कधी चॉकलेटं, कधी विजेरी, एकदा तर नुसता नाणी ठेवायचा डबा. तीन हिवाळ्यांपूर्वी त्याने दोन सारख्या बाटल्या आणल्या. एक त्याची, एक माझी.

"सेंट हाय," तो म्हणाला. "पुरुषांचा. थंडीत लावायचा."

"थंडीत म्हणजे? सेंटाला पण हंगाम असतो?"

"असतो रे. हा गोड हाय. उन्हाळ्यात मारलास तर मुंगळे मागं लागतील." मग त्याने माझी कॉलर धरून आतल्या बाजूला दोनदा फवारा मारला. "अंगाला नको. कापडाला मार. कापडावर चार दिवस राहतो."

वास मला आधी सेंटाचा वाटलाच नाही. कढईत गूळ वितळावा, त्यात ओलं खोबरं पडावं आणि कुणीतरी वेलची-जायफळ किसून टाकावं, तसा तो वास होता. मागून दालचिनी यायची, आणि अगदी शेवटी सुक्या तंबाखूसारखं काहीतरी. बाटलीवर काय काय लिहिलं होतं ते मला वाचता आलं नाही. त्या दिवशी घरी गेलो तेव्हा बायकोने दारातच विचारलं, "कुणाकडे मोदक खाऊन आलात? आणि मला नाही आणलेत ते?" मी हसून कॉलर पुढे केली. तिने वास घेतला आणि म्हणाली, "या वयात?"

या वयात, हो. मी चव्वेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, समोरून केस गेलेला सरकारी कारकून. आयुष्यात कुणी माझ्याकडे मान वळवून बघितल्याचं मला आठवत नाही. त्या सेंटामुळे लोक वळायला लागले. खिडकीपाशी दाखला न्यायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "काय छान वास येतोय हो इथे." कार्यालयातल्या शिपायाने डबा खायच्या वेळी माझ्या टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि शेवटी विचारलं, "साहेब, आज नारळीभात काय?" मला हे सगळं आवडत होतं. इतकं आवडत होतं, की पुढचा हिवाळा कधी येतो म्हणून मी वाट बघायला लागलो. दुसऱ्या हिवाळ्यात तर सकाळी बूट घातल्यावर कॉलर उलटी करून दोन फवारे मारल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नव्हतो. आणि रोज वापरल्यामुळे मला स्वतःला तो वास येईनासा झाला होता. येत नाही म्हणून मी दोनाचे तीन करायचो.

त्याच हिवाळ्यात मित्र गेला. रजेवर होता, घरीच होता. सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसला आणि छातीत दुखतंय म्हणाला. रुग्णालयात पोचेपर्यंत संपला होता. त्याला खांदा दिला तेव्हा मी जर्किन घातलं नव्हतं, सेंट मारला नव्हता, इतकी लाज तेव्हा शिल्लक होती. ती पाचव्या दिवसापर्यंत टिकली नाही.

पाचव्या दिवशी मी भेटायला निघालो. कार्यालयात जाता जाता तासभर बसून यावं असा विचार होता. बूट घातले, जर्किन चढवलं आणि हात आपोआप बाटलीकडे गेला. एकदा दाबून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण सुतकाच्या घरी निघालो आहोत. तेव्हा थांबता आलं असतं. कपाटात साधा स्वेटर होता. पण तिथून पुढे कार्यालयात जायचं होतं, आणि मी दुसऱ्यांदा दाबलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सवयीने झालं असंच सांगत आलो. पहिला फवारा सवयीचा होता, दुसरा नव्हता.

आतून बायकोने विचारलं, "ते फवारलं नाहीत ना? तिकडे चाललात."

"नाही," मी म्हटलं.

भाट्याला पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. ओट्यावर तीन-चार पुरुष बसले होते, भावकीतले. आत बाजेवर काकी होत्या. शेजारी मित्राच्या आत्या, संगमेश्वरकडून आलेल्या. त्या तेरा दिवस राहायला आल्या होत्या आणि घराची सगळी सूत्रं त्यांनी हातात घेतली होती. सुतकात कढई चढत नाही, फोडणी नाही, गोडाचं तर नावच नाही. शेजारून भात-पिठलं यायचं. तिसऱ्या दिवशी आत्यांनी मित्राचे सगळे कपडे, अंथरूण, दाढीचं सामान, फळीवरच्या बाटल्या, सगळं दोन गोण्यांत भरून घराबाहेर काढलं होतं. गेलेल्याचं काही घरात ठेवायचं नाही, असं त्यांच्याकडे पाळतात. ओट्यावरचे लोक हे कौतुकाने सांगत होते, आत्या होत्या म्हणून सगळं वेळेवर झालं.

मित्राच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात मुलीला पेज देत होत्या. मुलगी आठ वर्षांची. आदल्या दिवशी तिचा वाढदिवस झाला होता. म्हणजे झाला नव्हता, तारीख येऊन गेली होती. वहिनींनी हळूच विचारलं होतं म्हणे, वाटीभर शिरा करू का, तिच्यापुरता. काकींनी नाही म्हणून सांगितलं. हे मला ओट्यावरच कळलं. सुतकाच्या घरात बोलायला विषय कमी असतात, त्यामुळे असल्या गोष्टी लगेच बाहेर येतात.

बसल्या बसल्या ऊन वर आलं आणि जर्किनमध्ये घाम यायला लागला. मी उठून पाय धुवायला मागीलदारी गेलो, आणि परत येताना जर्किन काढून स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुंटीला अडकवलं. ती खुंटी मला सवयीची होती. शाळेत असताना तिथे दप्तर अडकवायचो.

पुन्हा ओट्यावर येऊन बसलो. पाच-दहा मिनिटं झाली असतील. आतून काकींचा आवाज आला.

"गूळ कोण आटवतंय?"

ओट्यावरचे एकमेकांकडे बघायला लागले.

"अगो, गुळाचा वास येतोय. येतोय की नाय?" काकी आत्यांना विचारत होत्या.

"येतोय," आत्या म्हणाल्या. मग पुन्हा हुंगून, "वेलची पण हाय. जायफळ पण हाय."

ओट्यावर बसल्या जागी मला समजलं. चार शब्दांचं काम होतं. काकी, तो माझा सेंट. एवढंच. मी तोंड उघडलं सुद्धा. पण शेजारी भावकीतले लोक होते. त्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक होते, मला ओळखणारे. मित्राला जाऊन पाच दिवस झालेत आणि हा गृहस्थ सेंट मारून समाचाराला आलाय, हे त्यांच्या तोंडावर उमटलेलं मला आधीच दिसायला लागलं. मी तोंड मिटलं. स्वतःला सांगितलं, जाईल वास, विसरतील.

आत्या उठल्या. दार उघडं होतं, ओट्यावरून सगळं दिसत होतं. वहिनी स्वयंपाकघरात नव्हत्या. त्या बाहेर, खुंटीजवळच्या अरुंद जागेत उभ्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. आत्यांची चाहूल लागताच दचकून वळल्या. डोळे लाल होते, गाल ओले होते, आणि चोरी पकडल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"काय शिजवलंस गो?"

"काय नाय शिजवलं."

"मग वास कसला?"

आत्यांनी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांची झाकणं काढली. भाताचं पातेलं, पेजेचं पातेलं. गुळाचा डबा उघडून हुंगला. पळी हुंगली. मग त्या मुलीकडे गेल्या, तिचा उजवा हात धरून नाकाशी नेला. मुलीला काही कळलं नाही, तिने दुसरा हातही पुढे केला.

आतून काकी म्हणाल्या, आवाज चढवून नाही, अगदी संथ, "काल मी नको म्हटलं. म्हणून आज चोरून. माझा मुलगा जाऊन पाच दिवस नाय झाले."

ओट्यावरचे सगळे जमिनीकडे बघत होते. मीही बघत होतो. मला आठवतं, एक मुंगी माझ्या बुटांजवळून जात होती आणि ती कुठे जाते याकडे मी डोळे लावून बसलो होतो. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलत का नाहीत म्हणून मला त्यांचा रागसुद्धा आला. त्या बोलल्या असत्या, निदान शपथ घेतली असती, तर माझ्यावरचा भार हलका झाला असता. बघा माणूस कुठवर जातो.

मी उठलो. कार्यालयाची वेळ झाली असं पुटपुटलो. जर्किन घ्यायला खुंटीपाशी जावं लागलं. वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी मला जर्किनला हात लावू दिला नाही, स्वतःच ते काढलं, दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं, आणि माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना माहीत आहे हे मला दिसलं. तरी त्या गप्प होत्या, आणि मी ते जर्किन घडी करून काखेत मारून स्कूटरला किक मारली. पुलावर वारा लागत होता तरी घातलं नाही.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "कशा आहेत सगळ्या?"

"ठीक आहेत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेली तेव्हा मी बाटली घेऊन मोरीत गेलो आणि ओतून टाकली. निम्म्याहून जास्त भरलेली होती. वर चार बादल्या पाणी ओतलं. तरी दोन दिवस आमच्या मोरीतून जायफळ घातलेल्या सारणाचा वास येत होता. बायकोला मी सांगितलं, हातातून पडून फुटली. काचा कुठे आहेत असं तिने विचारलं नाही. जर्किन मी स्वतः धुतलं. साबणाच्या पावडरीत भिजवून एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. पुरावा नाहीसा केला की गुन्हा अर्धा होतो असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

तेराव्याला गेलो. त्या दिवशी गोडाचं जेवण असतं, सुतक संपतं. वहिनी पंगतीत खीर वाढत होत्या. काकींच्या पानाशी आल्या तेव्हा काकींनी वाटीवर हात आडवा धरला. "मला नको." मग आत्यांनी वाढली ती त्यांनी घेतली. सगळ्या पंगतीने बघितलं. माझ्या वाटीत वहिनींनी खीर वाढली. मी खाल्ली. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा घेतली. नको म्हणायला मला तोंड नव्हतं.

फेब्रुवारीत वहिनी मुलीला घेऊन दापोलीला माहेरी गेल्या. मुलीचं शाळेचं वर्ष संपेपर्यंतही थांबल्या नाहीत. बायकोला ही बातमी भाजीबाजारात कळली, सोबत कारणही कळलं. नवऱ्याच्या सुतकात चोरून शिरा केला होता, सासूने पकडलं. त्या वासाला त्या दिवशी कुणी शिरा म्हटलं नव्हतं, पण आता तो शिरा झाला होता, बदाम घातलेला. घरी आल्यावर बायकोने पिशवी खाली ठेवली आणि भाजी निवडायला बसली. बऱ्याच वेळाने, मान वर न करता म्हणाली, "मोरीचा वास माझ्या अजून नाकात आहे. तुम्ही काय ते बघा."

मला वाटलं होतं की मी लगेच जाईन. गेलो नाही. मार्चात कार्यालयात काम होतं, मग आंब्याचे दिवस, मग पावसात पूल ओलांडायचा कंटाळा. कारणांना तोटा नसतो. काकी मला एक-दोनदा बाजारात दिसल्या आणि मी दुसऱ्या बाजूने गेलो. ज्या बाईने मला लहानपणी हाताने भरवलं तिला बघून मी सुकटीच्या दुकानात शिरलो, आणि आमच्या घरी सुकट कुणी खात नाही.

पुन्हा डिसेंबर आला, पहाटे गारठा पडायला लागला. जर्किन काढलं. त्याला साबणाचा वास होता. त्या दिवशी मी काकींकडे गेलो. वर्षश्राद्धाला बारा-पंधरा दिवस होते.

काकी ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. वर्षभरात आकसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "ती येईल काय रे श्राद्धाला? फोन नाय करत. नात बोलते दोन मिनिटं."

मग मी सांगितलं. सेंट, कॉलर, खुंटी, सगळं. वाक्यं मी घरी तयार केली होती, पण ती तिथे उपयोगी पडली नाहीत, तोंडाला येईल तसं बोललो. काकींनी मध्ये एकदाच विचारलं.

"सेंट कुठनं आणलास?"

"त्यानेच दिला होता. त्याच्याकडे होता तोच."

मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझ्या मुलाचा वास," त्या म्हणाल्या. "आणि मी गूळ म्हटलं."

"तुम्हाला कसं कळणार, काकी?"

"कळायला जवळ घ्यावं लागतं. एवढ्या मोठ्या मुलाला कोण जवळ घेतं? तो बाहेर जाताना मारायचा, मी ओट्यावरनं हात करायची." पदराने त्यांनी डोळे टिपले नाहीत, तसेच वाहू दिले. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण तिने ओळखला असेल. तिला कसा नाय कळला? मग ती गप का बसली? एक शब्द बोलली असती तर मी काय खाल्ली असती तिला?"

काकी आत गेल्या. खोबरं किसल्याचा आवाज आला. तासाभराने त्यांनी नारळाच्या वड्यांचा डबा माझ्या हातात ठेवला, अजून गरम होता. "नातीला दे. आणि तिला सांग, श्राद्धाला ये म्हणावं. म्हणावं, वाढायला तीच पायजे." माझ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. निघताना नेहमी म्हणायच्या तसं सावकाश जा असंही म्हणाल्या नाहीत.

रविवारी पहाटेच्या एसटीने दापोलीला गेलो. वहिनींच्या भावाचं घर गावाबाहेर, बागांच्या बाजूला. तिथली थंडी आमच्यापेक्षा खरी. मुलगी अंगणात होती, उंच झाली होती. डबा घेऊन आत पळाली. वहिनींनी मला बसायला खुर्ची दिली, मी जर्किन काढून खुर्चीच्या पाठीला लावलं, त्यांनी चहा आणला. त्या तिथल्या एका रोपवाटिकेत कामाला लागल्या होत्या, बोटांच्या पेरांत लाल माती होती.

मी पुन्हा तेच सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. काकींचा निरोप सांगितला. शेवटी त्यांचा प्रश्नही सांगितला, कारण तो माझाही होता.

वहिनींनी कप खाली ठेवला. दारातून मुलगी ऐकत नाही ना ते बघितलं.

"भावजी, तिसऱ्या दिवशी ह्यांचं सगळं घेऊन गेले. उशीसुद्धा. मी एक बनियन लपवून ठेवली होती, ती पण शोधून काढली आत्यांनी. घरात ह्यांचं काही म्हणून राहिलं नाही. पाचव्या दिवशी पेजेचं भांडं घेऊन बाहेर आले, तर तो वास. मला वाटलं, मागीलदारातून हे आलेच. मग खुंटीवर तुमचं जर्किन दिसलं." त्यांनी बोटांवरची माती चोळली. "मी कॉलरमध्ये तोंड खुपसून उभी होते. किती वेळ ते नाही सांगता येत. तेवढ्यात आत्या आल्या."

मीही कप खाली ठेवला.

"आता सांगा, मी काय सांगायचं होतं? वास भावजींच्या जर्किनचा आहे? मग तुला कसं ठाऊक, जवळ जाऊन बघितलंस काय, म्हणाल्या असत्या. ओट्यावर चार पुरुष. नवरा जाऊन पाच दिवस, आणि ही परक्या पुरुषाच्या कपड्यात तोंड घालून रडते. त्यापेक्षा गूळ बरा. गुळाने कुणाची अब्रू जात नाही, असं वाटलं." त्या जराशा हसल्या. "तेवढं चुकलं माझं. गुळानेही जाते."

त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या, आणि ते मला सहन होत नव्हतं. वर्षभर मी मनात धरून होतो की त्यांनी माझी लाज राखली. त्या आपली राखत होत्या, आणि ते करायची वेळ त्यांच्यावर माझ्यामुळे आली होती. मी एक वाक्य बोललो असतो तर दोघांचीही राखली गेली असती. माझी नसती राखली गेली कदाचित. पण माझ्या लाजेला काय सोनं लागलं होतं?

"श्राद्धाला येईन मी," वहिनी म्हणाल्या. "सासूबाईंना सांगा. वाढीन सुद्धा."

मी मान हलवली. चहा गार झाला होता तो संपवला. त्या बराच वेळ काहीतरी विचारायचं आहे अशा बसल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं.

"ती बाटली आहे का हो अजून? थोडीशी असली तरी चालेल. हिला बाबांचा आवाज आठवतो, वास नाही आठवत म्हणते. मी सांगायचा प्रयत्न करते, पण वास कसा सांगणार?"

मोरी, चार बादल्या पाणी, दोन दिवस सगळ्या घरात भरून राहिलेला तो वास, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. निम्म्याहून जास्त बाटली. कितीतरी वर्षं पुरली असती.

"संपली," मी म्हटलं. "लगेचच संपली."

इतक्या लांब एसटीने मी खरं बोलायला आलो होतो.

"हो, किती दिवस पुरणार," त्या म्हणाल्या. ती कुठली हे कळलं तर तसलीच बाजारात मिळेल का, असं त्यांनी विचारलं. नाव मला आठवत नव्हतं. ते मी कधी नीट वाचलंच नव्हतं, नुसतं मारत होतो.

परतीच्या गाडीची वेळ झाली. मी उठलो. मुलगी वडी खात खात दारात येऊन उभी राहिली. वहिनींनी खुर्चीच्या पाठीवरून जर्किन उचललं, मला द्यायला पुढे केलं आणि मध्येच थांबल्या. मग माझ्यासमोर, मुलीसमोर, काही न लपवता त्यांनी कॉलर उलटी करून नाकाशी धरली. क्षणभर डोळे मिटले. पुन्हा एकदा, जास्त खोल श्वास घेऊन बघितला.

"धुतलंत वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "तीनदा."